विमान हरवलं, तर फिर्याद कुठल्या ठाण्यात?

काही वर्षांपूर्वी रात्रीच्या एक्स्प्रेसमध्ये माझी बॅग चोरीला गेली. झोपताना उशाशी होती, उजाडल्यावर नव्हती. उतरलो त्या स्टेशनातल्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी चहाचा ग्लास बाजूला सारला आणि पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘बॅग गेली कुठे?’’ म्हटलं, साहेब, ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो! त्यांना हसू आलं नाही. पुढ्यातल्या छापील नमुन्यात घटनेच्या ठिकाणाचा रकाना होता आणि त्यात पहिलीच ओळ होती, ‘ठाण्यापासून दिशा व अंतर’. ती भरल्याशिवाय पुढे सरकायचं कसं, ही त्यांची खरी अडचण. रात्रभरात गाडीनं चार जिल्हे ओलांडले होते. ‘‘आमच्या हद्दीतलं दिसत नाही हे,’’ म्हणत त्यांनी मला पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं.

कायदा त्यांच्या बाजूनं नव्हता. प्रवासात गुन्हा घडला तर त्या प्रवासाच्या वाटेवरच्या कुठल्याही न्यायालयाला तो चालवता येतो, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १८३व्या कलमात स्पष्ट होतं आणि नव्या संहितेतही ते टिकून आहे. शिवाय हद्द कुणाचीही असो, शून्य क्रमांकानं फिर्याद नोंदवून घ्यायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची, ही सोय आता थेट कायद्यातच आली आहे. म्हणजे धावत्या गाडीतल्या बॅगेचा प्रश्न आपण सोडवून बसलो आहोत. अंमलबजावणीचं रडगाणं वेगळं.

आकाशातून दोनशे एकोणचाळीस माणसांसकट विमान नाहीसं झालं, तर मात्र जगाकडे असं १८३वं कलम नाही.

८ मार्च २०१४. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७०. बोइंग ७७७, प्रवासी २२७, कर्मचारी १२. दीडशेहून अधिक प्रवासी चिनी होते, पाच भारतीय. त्या पाचांतले काही आपल्या महाराष्ट्रातले. रात्री १ वाजून १९ मिनिटांनी ‘गुड नाइट, मलेशियन थ्री सेव्हन झीरो’ हे शेवटचं बोलणं झालं. मलेशियाचं नियंत्रण सोडून व्हिएतनामच्या नियंत्रणात शिरायचं, त्या मधल्या सांध्यावर १ वाजून २१ मिनिटांनी विमानाचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र, बंद पडला. हो ची मिन्हच्या नियंत्रकांनी ‘आमच्याकडे विमान आलंच नाही’ अशी चौकशी केली तेव्हा १ वाजून ३९ मिनिटं झाली होती. नियमानं ती पाच मिनिटांत व्हायला हवी होती. पुढे चार तास फोनाफोनी चालली. विमान कंपनीनं मध्येच ते कंबोडियाच्या आकाशात असल्याचं कळवलं, तेही खोटं निघालं. शोध-बचाव यंत्रणा हलली पहाटे साडेपाचला.

आकाशातल्या अशा एकेका हद्दीलाही वैमानिकी भाषेत ‘एफआयआर’च म्हणतात, फ्लाइट इन्फर्मेशन रीजन. दोन एफआयआरच्या मधल्या फटीत विमान गेलं आणि आपल्या अर्थाची एफआयआर कुणी लिहायची, हा घोळ त्यानंतर सुरू झाला.

लष्करी रडारवर ते विमान उलटं वळून मलय द्वीपकल्प ओलांडताना, पेनांगजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाताना दिसत होतं. २ वाजून २२ मिनिटांपर्यंत. ते ‘आपल्यातलंच’ समजून कुणी विमानं वर पाठवली नाहीत. तरी सुरुवातीचे किती तरी दिवस जहाजं दक्षिण चीन समुद्रातच घिरट्या घालत राहिली. १५ मार्चला पंतप्रधान नजीब रझाक यांनी जाहीर केलं, की विमानाच्या हालचाली आतल्या कुणीतरी जाणूनबुजून केलेल्या कृतीशी जुळतात. म्हणजे गुन्ह्याचा संशय सरकारच्या प्रमुखानंच बोलून दाखवला. आणि त्या गुन्ह्याचा तपास कुणाकडे? मलेशियाच्या पोलिसांकडे. विमान त्यांच्या देशात नोंदलेलं, कंपनी सरकारी मालकीची, नियंत्रक सरकारी, रडार लष्कराचं. ज्यांना प्रश्न विचारायचे, ते सगळे एकाच घरातले, आणि विचारणाराही त्याच घरचा.

मलेशियानं सगळं लपवलं, असा आरोप मला करायचा नाही. तो सिद्ध करण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. माझा आक्षेप व्यवस्थेवर आहे. हरवलेल्या विमानाच्या फौजदारी तपासाचं सुकाणू नोंदणीच्या देशाकडे आपोआप जातं, आणि इतर देशांना हक्क असूनही त्यांनी तो कसा वापरायचा, पुरावा कसा वाटून घ्यायचा, याचा एकही बांधील नियम जगानं केलेला नाही. मलेशियाच्या जागी उद्या आपण असलो, तरी हेच होईल.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. थोडा किचकट आहे, पण त्याला इलाज नाही. एकाच विमानाच्या दोन चौकश्या असतात. एक सुरक्षेची. ती १९४४च्या शिकागो कराराच्या १३व्या जोडपत्रानुसार चालते. अपघात ज्याच्या भूमीवर, त्या देशानं ती करायची; जागा कुठल्याच देशात आहे असं ठरवता येत नसेल, तर नोंदणीच्या देशानं. या चौकशीचं काम दोष ठरवायचं नाही, पुढचा अपघात टाळायचा, हे जोडपत्रात सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. ‘हरवलेलं विमान’ याचीही तिथे व्याख्या आहे: अधिकृत शोध संपला आणि अवशेष सापडले नाहीत, की विमान हरवलं असं मानायचं. गंमत पाहा, शोध थांबवणं हीच हरवण्याची खूण. आणि शोध थांबवायचा कधी, हे ठरवणार तो शोध चालवणारेच.

दुसरी चौकशी गुन्ह्याची. तिच्यासाठी १९६३चा टोकियो करार. विमानात घडलेल्या गुन्ह्यावर नोंदणीच्या देशाचा अधिकार, हे त्याचं मूळ सूत्र. गुन्ह्याचा परिणाम दुसऱ्या देशाच्या भूमीवर झाला असेल, गुन्हा करणारा किंवा ज्याच्यावर तो झाला तो माणूस दुसऱ्या देशाचा नागरिक असेल, तर त्या देशालाही दार किलकिलं उघडं ठेवलेलं आहे. पुढे अपहरणासाठी १९७०चा हेग करार आला, घातपातासाठी १९७१चा माँट्रियल करार. दोन्हींचा कणा एकच: आरोपी ज्याच्या हाती लागेल त्यानं खटला चालवावा, नाहीतर त्याला हवाली करावं. हे सगळं लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सत्तरच्या दशकातलं अपहरण होतं. विमान कुठल्यातरी धावपट्टीवर उतरतं, दार उघडतं, पिस्तूलवाला समोर दिसतो. जे विमान कुठेच उतरत नाही आणि ज्याचा आरोपी, असलाच तर, समुद्राच्या तळाशी आहे, ते त्यांच्या कल्पनेत नव्हतं.

२०१० साली बीजिंगमध्ये नवा करार झाला. आपला नागरिक बळी पडला असेल तर आम्हीही अधिकार सांगू, असं म्हणायची मुभा त्यानं देशांना दिली. मुभाच, सक्ती नव्हे. हा करार अमलात आला १ जुलै २०१८ला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मलेशियानं एमएच ३७०चा ४९५ पानी अंतिम अहवाल प्रसिद्ध केला. विमानाचा पहिला वळसा हातानं घेतलेला होता, तिसऱ्या कुणाचा बेकायदेशीर हस्तक्षेप नाकारता येत नाही, आणि विमान का नाहीसं झालं ते ठरवता येत नाही, हे त्याचं सार. सुरक्षा चौकशी मंडळानं आपली चौकट पाळली. गुन्हा ठरवणं त्याचं कामच नव्हतं. ज्यांचं काम होतं, त्या पोलिसांची कागदपत्रं मात्र पूर्ण स्वरूपात आजवर अधिकृतपणे लोकांपुढे आलेली नाहीत.

त्या पोलीस तपासातला एक तुकडा माझ्या डोक्यातून जात नाही. विमानाच्या पोटात साडेचार टनांहून अधिक मँगोस्टीन होते. मँगोस्टीन म्हणजे आपल्या कोकमाचा भाऊबंद, एकाच कुळातलं फळ. सोबत लिथियम-आयन बॅटऱ्या. फळांचा रस बॅटऱ्यांवर सांडून काही झालं का, इथपर्यंत तपासलं गेलं. फळांच्या बागेपर्यंत पोलीस पोचले. पण लष्कराच्या रडार कक्षात त्या रात्री कुणी काय पाहिलं आणि कुणाला उठवलं नाही, याची उलटतपासणी बाहेरच्या एखाद्या तपास अधिकाऱ्यानं केली का? तसा हक्कच कुणाला नव्हता.

मग २९ जुलै २०१५ उजाडला. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर, सेंत-आंद्रे गावच्या किनाऱ्यावर सफाई करणाऱ्या माणसांना एक मोठा तुकडा सापडला. शिंपल्यांसारखे बार्नकल चिकटलेला, पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, फ्लॅपरॉन. रेयुनियाँ फ्रान्सचा प्रांत आहे. विमानात चार फ्रेंच नागरिक होते, म्हणून पॅरिसमध्ये आधीच न्यायिक तपास उघडलेला होता. फ्रेंच कायद्यात नागरिक बळी पडला की तपासाचा अधिकार मिळतो, विमान कुणाचंही असो, समुद्र कुठलाही असो. त्यामुळे किनाऱ्यावरचा तो तुकडा क्षणात मुद्देमाल झाला. तो मलेशियाला नव्हे, तर तुलूझजवळच्या लष्करी प्रयोगशाळेत गेला.

पुढे जे झालं त्यात सगळा पेच उघडा पडतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नजीब रझाक यांनी जाहीर केलं, की तुकडा एमएच ३७०चाच, शंका नाही. काही मिनिटांच्या अंतरानं पॅरिसमध्ये सरकारी वकील सांगत होते, की तशी ‘प्रबळ शक्यता’ आहे. एकाच तुकड्याबद्दल एका देशाचा राजकारणी आणि दुसऱ्या देशाचा वकील वेगवेगळ्या भाषा बोलत होते. आतल्या भागावरचा एक क्रमांक स्पेनमधल्या कारखान्याच्या नोंदींशी जुळल्यावर, ३ सप्टेंबरला, फ्रेंचांनी ‘निश्चित’ म्हटलं. कुटुंबीयांनी तो महिना कसा काढला असेल याचा विचार कुणी केला? नंतर मोझांबिक, टांझानिया अशा ठिकाणी सापडलेले तुकडे तपासायला कॅनबेऱ्याला गेले. एक मुद्देमाल फ्रेंच न्यायालयाच्या मोहोरेखाली, बाकीचे ऑस्ट्रेलियात, कागद क्वालालंपुरात. आपल्याकडच्या एखाद्या खुनाच्या खटल्यात कोयता एका जिल्ह्यात, कपडे दुसऱ्या राज्यात आणि केस डायरी तिसरीकडे असती, तर बचावाच्या वकिलानं पहिल्याच तारखेला पेढे वाटले असते.

फ्रान्सवर टीका करणारे म्हणतात, की त्यांनी तुकडा अडवून ठेवल्यानं सुरक्षा चौकशीला अडचण झाली. हा आक्षेप पोकळ नाही. फौजदारी तपास शिरला, की लोक वकील गाठतात, तोंड उघडत नाहीत, आणि विमान सुरक्षित करण्यासाठी लागणारी खरी माहिती दबून जाते. वैमानिकांच्या संघटना जगभर हेच सांगतात आणि ते खरं आहे. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष दोन तपासांच्या मध्ये भिंत आणि दार दोन्ही हवं असा. एकच तपास हवा असा नव्हे. मार्च २०१५मध्ये जर्मनविंग्जचं विमान आल्प्समध्ये कोसळलं, १५० माणसं गेली. दोनच दिवसांत मार्सेयच्या सरकारी वकिलांनी कॉकपिटमधल्या आवाजाच्या आधारे सांगितलं, की सहवैमानिकानं ते मुद्दाम खाली नेलं. घाई झाली, अशी कुरबुर झाली खरी. तरी सुरक्षा चौकशीही पूर्ण झाली, अहवालही आला. दोन तपास शेजारी शेजारी चालू शकतात. फक्त कुणीतरी बसवून दिलेली घडी लागते.

आणि फौजदारी तपास नीट न झाल्याची किंमत कुणी मोजली? इतरांबरोबर एमएच ३७०च्या वैमानिकानंही. त्याच्या घरच्या सिम्युलेटरमधल्या, म्हणजे उड्डाणाच्या सरावयंत्रातल्या, नोंदी फुटल्या, आणि गेली दहा वर्षं वाहिन्यांवर, माहितीपटांत, चहाच्या टपरीवर त्याला दोषी ठरवून झालं. आरोपपत्र नाही, बचाव नाही, निकाल नाही. त्यानं केलं असेलही, नसेलही. पण ज्याच्यावर खटला चालवायला हद्दच सापडत नाही, त्याच्यावर निकाल लावायला सगळ्यांना सापडते.

याच रेयुनियाँच्या दिवसाशी जोडलेली एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. २९ जुलै २०१५लाच न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत मतदान होतं, मलेशियाच्याच दुसऱ्या विमानाबद्दल. १७ जुलै २०१४ला पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्रानं पाडलेलं एमएच १७, २९८ बळी. त्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण नेमावं, हा ठराव रशियानं नकाराधिकार वापरून हाणून पाडला. पण त्या प्रकरणातले देश तिथे थांबले नाहीत. नेदरलँड्स, युक्रेन, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम यांनी २०१४मध्येच संयुक्त तपास पथक उभं केलं होतं, वर्षअखेर मलेशियाही त्यात आला. जुलै २०१७मध्ये नेदरलँड्स आणि युक्रेन यांनी आपसात करार केला, की सगळ्या बळींच्या वतीनं, मग ते कुठल्याही देशाचे असोत, डच न्यायालय खटला चालवेल. १७ नोव्हेंबर २०२२ला शिफोल विमानतळाशेजारच्या न्यायालयात निकाल लागला. तिघं गैरहजेरीत दोषी, एक निर्दोष. या गुन्ह्यासाठी दोषींना कुणी तुरुंगात घातलेलं नाही, हे मान्य. तरी पुरावा एका जागी आला, तो उघड वाचला गेला आणि एका माणसाला त्याच पुराव्यावर सोडलंही गेलं. त्या सुटकेमुळे तर मला तो खटला अधिक विश्वासार्ह वाटतो.

एकच कंपनी, एकच वर्ष, दोन विमानं. एमएच १७च्या टेबलाभोवती मलेशियाची खुर्ची पाचांतली एक होती. एमएच ३७०चं अख्खं टेबलच मलेशियाचं. फरक इच्छाशक्तीचा होता हे खरं, पण इच्छाशक्ती कुठून आली? डच संसदेवर १९६ बळींच्या कुटुंबांचा दबाव होता, युरोपात संयुक्त पथकाचा कायदेशीर साचा तयार होता. बीजिंगमधल्या कुटुंबीयांकडे ना तसा साचा होता, ना तशी संसद. त्यांच्या वाट्याला आले ते नुकसानभरपाईचे दिवाणी दावे, आणि त्यांची बीजिंगच्या चाओयांग न्यायालयातली सुनावणी सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला.

आपल्याकडे या विषयावर बोलताना ‘ते मलेशियाचं प्रकरण’ असा सूर असतो. आपल्या घरातलं प्रकरण आपण विसरलो म्हणून. २३ जून १९८५. एअर इंडियाचं ‘कनिष्क’, माँट्रियलहून लंडन-दिल्ली-मुंबईला निघालेलं, आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटानं रडारवरून पुसलं गेलं. ३२९ माणसं. बहुतेक कॅनडाचे नागरिक, मूळ भारतीय. विमान भारतात नोंदलेलं, घटना खुल्या समुद्रावर, म्हणून चौकशी भारताकडे. न्यायमूर्ती किरपाल यांच्या आयोगानं ती केली. दोन किलोमीटर खोल पाण्यातून ब्लॅक बॉक्स काढले, ते मुंबईला आणले, आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यातल्या ध्वनीचा अभ्यास झाला. १३१ मृतदेह आयर्लंडमधल्या कॉर्कच्या रुग्णालयात आले, तिथल्या कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, पंचनामे केले. त्याच कटातला दुसरा बॉम्ब जपानच्या नारिता विमानतळावर फुटला, दोन कामगार मेले. बॉम्ब चढला व्हँकूव्हरहून, म्हणून फौजदारी तपास कॅनडाच्या पोलिसांकडे. हद्दी मोजा: चार देश आणि खुला समुद्र.

इथे तर सगळं सापडलं होतं. विमान, बॉम्बची खूण, संशयित. तरी काय झालं? कॅनडाच्या गुप्तचर खात्यानं दीडशेहून अधिक ध्वनिमुद्रित टेप पुसून टाकल्या. कटाचा सूत्रधार मानला जाणारा परमार १९९२मध्ये पंजाब पोलिसांच्या हातून मेला. चकमक होती की कोठडीतला खून, यावर वाद आहे. म्हणजे आपलेही हात धुतल्या तांदळासारखे नाहीत. मुख्य साक्ष आपल्याकडेच मातीत गेली. २००५मध्ये व्हँकूव्हरच्या न्यायालयानं दोघांना निर्दोष सोडलं. दोषी ठरला तो एकटा बॉम्ब बनवण्यात हात असलेला रेयात, सदोष मनुष्यवधाच्या कबुलीवर, पाच वर्षं. पुढे खोट्या साक्षीबद्दल आणखी नऊ. २०१०मध्ये कॅनडाचे न्यायमूर्ती मेजर यांच्या आयोगाचा अहवाल आला, कॅनडाच्या पंतप्रधानांनी माफी मागितली. पंचवीस वर्षांनी. नोंदणीच्या देशाकडे चौकशी होती पण आरोपी नव्हते. आरोपी ज्याच्याकडे होते त्याच्याकडे तळमळ नव्हती. दोघांनी एकत्र बसून एक केस डायरी कधी लिहिलीच नाही.

एवढं सोसूनही एमएच ३७०च्या वेळी भारत कुठे होता? नौदल, तटरक्षक दल, वायुदल अंदमानच्या समुद्रात शोधाला उतरलं, ते चोख. पण मलेशियाच्या सुरक्षा चौकशी मंडळात ज्या सात देशांचे अधिकृत प्रतिनिधी बसले, त्यांत भारत नाही. १३वं जोडपत्र म्हणतं, ज्याचे नागरिक मेले त्या देशाला आपला तज्ज्ञ पाठवता येतो आणि त्याला अपघातस्थळाला भेट देण्याचा हक्क आहे. अपघातस्थळ! जे ठाऊक नाही तिथे जायचा हक्क. फौजदारी बाजूनं तर तेव्हा आपला कायदाच तोकडा होता. १९८२च्या अपहरणविरोधी कायद्याला आपलं विमान हवं होतं, किंवा अपहृत विमान आपल्या भूमीवर उतरायला, नाहीतर आरोपी इथे सापडायला हवा होता. २०१६च्या नव्या कायद्यात भारतीय नागरिकाविरुद्ध कुठेही केलेल्या अपहरणावर अधिकार घेतला गेला. २०१९च्या दुरुस्तीनं राष्ट्रीय तपास यंत्रणेलाही परदेशातल्या अशा गुन्ह्यांत हात घालता येतो.

म्हणजे आज असं घडलं तर दिल्लीत गुन्हा नोंदवता येईल. येईल, पण एक मेख आहे. अपहरणाच्या व्याख्येत बळानं, धाकानं किंवा तांत्रिक साधनानं विमान ताब्यात घेणं बसतं. ज्याच्या हाती विमान आधीच कायदेशीरपणे आहे, त्या वैमानिकानं सहकाऱ्याला बाहेर कोंडून ते समुद्राकडे वळवलं, तर ते अपहरण का? वकील दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकतात. आणि अपहरण नाही म्हटलं, तर आपली न्याय संहिता परदेशी विमानातल्या भारतीय बळीसाठी उभी राहत नाही. तिची झेप भारतीय आरोपीपर्यंत आणि भारतीय विमानापर्यंत. फ्रान्सनं जी ओळ फार पूर्वी लिहून ठेवली, ती आपण अजून लिहिलेली नाही. लाखो मराठी माणसं आखातातून, अमेरिकेतून, सिंगापूरहून परदेशी विमानांनी ये-जा करतात. त्यांच्या तिकिटावर हे कुठे छापलेलं नसतं.

एमएच ३७०नंतर जग काहीच शिकलं नाही असं नाही. २०१८पासून समुद्रावरच्या विमानांचा ठावठिकाणा दर पंधरा मिनिटांनी घ्यायचा नियम आला. ब्लॅक बॉक्सच्या पाण्याखालच्या शिट्टीची बॅटरी तीसऐवजी नव्वद दिवसांची झाली. (एमएच ३७०च्या एका रेकॉर्डरच्या शिट्टीची बॅटरी तर डिसेंबर २०१२मध्येच मुदतबाह्य झाली होती, बदललीच नव्हती. याला गुन्हा म्हणायचं की गलथानपणा, हे ठरवायलाही हद्द लागते.) ऑस्ट्रेलियाच्या पुढाकारानं १ लाख २० हजार चौरस किलोमीटर समुद्रतळ धुंडाळला, जानेवारी २०१७मध्ये ते थांबलं. मग ओशन इन्फिनिटी या खासगी कंपनीनं २०१८मध्ये शोधलं, आणि मार्च २०२५मध्ये मलेशियानं तिच्याशी पुन्हा करार केला, सापडलं तर ७ कोटी डॉलर, नाहीतर छदामही नाही. यंत्रं सुधारली, करार सुधारले. तपासाची हद्द होती तिथेच.

आणि समजा, सापडलं. चार हजार मीटर खोल, खुल्या समुद्रात, खासगी जहाजाच्या यांत्रिक हातात ब्लॅक बॉक्स आला. तो कुणाच्या मोहोरेखाली जाईल? मलेशियाच्या, कारण पैसे देणारा करार त्या देशाचा. पॅरिसचा दंडाधिकारी मागेल, बीजिंगही मागेल. आवाजात एखादं वाक्य ऐकू आलं, तर ते आधी कोण ऐकेल, कुणासमोर, आणि पंच कोण? हे प्रश्न जहाज निघायच्या आधी सुटायला हवेत, ब्लॅक बॉक्स डेकवर आल्यावर नव्हे. बळींच्या देशांचं संयुक्त पथक, मुद्देमालाची एक सामाईक नोंदवही, आणि ज्या सरकारी खात्यांवरच संशय आहे त्यांचे जबाब दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचे: एवढं एमएच १७च्या धर्तीवर आजही ठरवता येतं. त्यासाठी नवा जागतिक करार लागत नाही, पाच-सात देशांच्या सह्या लागतात. पाच नागरिक गमावलेल्या भारतानं त्या कागदासाठी पहिला हात पुढे केला, तर ते कनिष्कच्या ३२९ जणांना धरूनच होईल.

त्या विमानाबद्दल शेवटचं जे कळलं, ते इनमारसॅट या कंपनीच्या उपग्रहामुळे. ट्रान्सपॉन्डर बंद झाल्यानंतरही जवळपास सात तास विमान तासा-तासानं उपग्रहाच्या हाकेला ओ देत होतं, शेवटची ओ सकाळी ८ वाजून १९ मिनिटांची. संदेश जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून विमान उपग्रहापासून किती दूर होतं ते काढता आलं. कुठल्या बाजूला, ते त्या आकड्यातून निघत नव्हतं. म्हणून नकाशावर ठिपका आला नाही, वर्तुळाचा एक लांबलचक कंस आला. वारंवारितेतल्या बारीक फरकावरून तो दक्षिणेकडचा, एवढं नंतर ठरलं. माझ्या त्या हवालदारसाहेबांच्या रकान्यात दोन गोष्टी मागितल्या होत्या, दिशा आणि अंतर. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, मी तेव्हा वाचली नव्हती: ‘या ठाण्याच्या हद्दीबाहेर असल्यास, त्या ठाण्याचे नाव’.